मृग तोंडावर आलाय, मधपेट्यांची आवराआवर कशी करताय? (सातेरी ही आपली देशी माशी; सह्याद्री आणि आसपास)

जांभूळपट्टा

हिरडा-जांभळाचा मध काढून झाला की बहुतेकांच्या डोक्यातून पेट्या उतरतात, त्या थेट दसऱ्याला आठवतात. तोवर आत मेणकिड्याची (पोळी खाणाऱ्या अळीची) जाळी, झुरळं आणि रिकामी पोळी. दर ऑक्टोबरला इथे 'माझ्या माश्या कुठे गेल्या?' अशा धाग्यांची रांग लागते, म्हणून या वेळी रोहिणीतच विषय काढतोय.

नवीन मंडळींसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. यूट्यूबवर 'हिवाळ्यासाठी पेटी कशी तयार करावी' याचे ढिगाने व्हिडिओ आहेत. ते सगळे बर्फाळ मुलखातल्या मेलिफेरा (युरोपियन) माशीचे. आपल्याकडे माशी उपाशी मरते ती पावसाळ्यात. महाबळेश्वराला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. माशीला बाहेर पडायला उघाड मिळत नाही. मिळाली तरी फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो आणि पराग चिकट झालेला. म्हणजे घरात जे साठवलंय त्यावर चार महिने काढायचे. त्या साठ्यावर आपण वैशाखात हात मारलेला असतो!

आता मी काय करतो ते. जागा जावळी-महाबळेश्वर पट्टा, माशी सातेरी, पेट्या आयएसआय 'ए' टाइप (प्रमाणित मापाच्या).

मधकोठ्या, म्हणजे पेटीचे वरचे मध साठवायचे मजले, मेअखेर उतरवतो. रिकामी मधकोठी वर तशीच ठेवली तर तेवढी जागा माश्यांना राखता येत नाही, खालची ऊब वर निघून जाते आणि मेणकिडा नेमका तिथूनच शिरतो. खालच्या पिलावा कोठीतल्या (पिलावा म्हणजे अंडी, अळ्या, कोश) मधाला मात्र मी हात लावत नाही. कितीही मोह झाला, गिऱ्हाईक दारात उभं असलं, तरी नाही.

पिलावा कोठीतली एकेक चौकट उजेडाकडे धरून बघा. चांगल्या चौकटीत वर बंद मधाची पट्टी, तिच्याखाली परागाची कमान (आपल्याकडे या दिवसांत पिवळट, करडी, क्वचित वीटकरी), आणि त्याखाली पिलावा. मधाची पट्टी चार बोटं तरी रुंद हवी. दोन बोटं असेल तर ती वसाहत श्रावण बघणार नाही असं समजा, किंवा तुम्हाला भरवावी लागेल. पोळं इतकं काळं पडलंय की पलीकडचा उजेडही दिसत नाही, तर ते काढून मेणात घाला. जुन्या पोळ्यात अळीच्या कातींचे थर असतात, मेणकिड्याला खायला तेच लागतं. नुसत्या कोऱ्या मेणावर त्याचं फारसं भागत नाही.

माश्या दोन्ही बाजूंनी गच्च झाकतील तेवढ्याच चौकटी आत ठेवायच्या, बाकीच्या बाहेर, आणि मोकळ्या बाजूला डमी फळी (पोळं नसलेली आडफळी) सरकवायची. हे एकच काम केलंत तरी अर्धी लढाई झाली. सगळीकडे 'साखर किती द्यायची' याची चर्चा, आणि रिकाम्या चौकटींबद्दल कुणी बोलत नाही.

तळपाट (पेटीची तळाची फळी) खरवडून उन्हात टाका. फटी शेणमातीने किंवा मेणाने बुजवा. पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेवा, म्हणजे दारातून शिरलेलं पाणी दारातूनच बाहेर पडेल. तोंड नैर्ऋत्येला अजिबात नको, आपला सगळा पाऊस तिकडूनच येतो. पूर्व किंवा आग्नेय उत्तम.

बाकी प्रत्येकाचा पाऊस वेगळा, माती वेगळी. आपापलं लिहा.

वाईची_सून

वाचनखूण साठवली. दादा, आमच्या चार पेट्या आहेत. त्यातल्या एकीत माश्या जेमतेम तीन चौकटींवर आहेत, राणी दिसली पण अंडी अगदी विरळ. सासरे म्हणतात राहू दे, पावसाळ्यानंतर वाढेल. मला नाही वाटत. दुसऱ्या पेटीत मिळवू का?

जांभूळपट्टा

ताई, मिळवा. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि तरीही मिळवा. :) पावसाळ्यात कमजोर वसाहत वाढत नाही, ती मेणकिडा पोसते आणि मग तो शेजारच्या पेटीत जातो.

पद्धत वर्तमानपत्राची. आधी दोन्ही पेट्या रोज थोड्या थोड्या सरकवत एकमेकींजवळ आणा, एकदम उचलून नेऊ नका, चरायला गेलेल्या माश्या जुन्या जागी घिरट्या घालत बसतात. जवळ आल्या की कमजोर पेटीतली राणी काढा. संध्याकाळी, माश्या घरी आल्यावर, जोमदार पेटीच्या पिलावा कोठीवर वर्तमानपत्राचा एक पदर पसरा, टाचणीने पाच-सात भोकं पाडा, आणि वर कमजोर पेटीची कोठी ठेवा. माश्या कागद कुरतडत एकमेकींत मिसळतात, तोवर वास एक झालेला असतो, मारामारी होत नाही. दारासमोर कागदाचा चुरा पडायला लागला की काम झालं. मग चांगल्या चौकटी एका कोठीत आणायच्या, उरलेल्या काढायच्या.

राणी काढून पेटी तशीच ठेवू नका बरं का. सातेरीत राणी नसली की कामकरी माश्या फार लवकर अंडी घालायला लागतात आणि त्यातून नुसते नर निघतात. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली की समजायचं.

हिशेबी_माणूस

धागा चांगला आहे पण 'पिलावा कोठीतल्या मधाला हात लावू नका' हे काही पटलं नाही. बाजारात सातेरीच्या मधाला किलोमागे पाचशे-सहाशे सहज मिळतात, साखर चाळीस-पंचेचाळीस. पेटीला आठवड्याला पाव किलो साखर दिली तरी पावसाळाभर तीन-चार किलो जाते. दोन किलो मध काढून घेऊन तीन किलो साखर दिली तर कुणाचं नुकसान आहे? माशीला गोड हवं, मला पैसे. भावना सोडून हिशेब बघा.

जांभूळपट्टा

हिशेब कागदावर बरोबर आहे भाऊ. पण जुलैत ती साखर पेटीपर्यंत कोण नेणार? तुमच्या पेट्या परसात असतील. माझ्या अर्ध्या पेट्या ओढ्यापलीकडे आहेत, पुनर्वसूत तिकडे माणूस जात नाही, म्हैस जात नाही. तुमचं गणित ज्याला दर आठवड्याला पेटीपाशी उभं राहता येतं त्याच्यासाठी आहे.

आणि पाक दिला म्हणजे लगेच साठा होत नाही. माशीला त्यातलं पाणी उडवावं लागतं. हवा ओली असताना ते उडत नाही, पाक आंबतो, माश्यांना हगवण लागते आणि पेटीच्या दारावर तपकिरी ठिपके दिसायला लागतात. वर प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आतली ऊब गेली.

अजून एक बघा. मेअखेरीस हवेत दमटपणा आलेला असतो. त्या वेळी काढलेला मध बऱ्याचदा पुरता पिकलेला नसतो, पाणी वीस टक्क्यांच्या वर, बाटलीत फेस येतो. असा मध विकून गिऱ्हाईक तोडण्यापेक्षा तो माशीकडे राहिलेला परवडतो. हाही हिशेबच आहे.

हिशेबी_माणूस

पाणी वीसच्या वर, हे मान्य. मागच्या खेपेच्या बाटल्या फसफसल्या होत्याच. पण परसातल्या पेट्यांना मी साखरच देणार.

जांभूळपट्टा

परसातल्यांना द्या की! तिथे माझं काही म्हणणं नाही.

तळकोकण

तुमचा सगळा खरा, पण आमच्याकडे पाऊस काय विचारून येणा नाय. :D

कुडाळ-सावंतवाडीकडचं सांगतो. आमच्याकडे उपास घाटमाथ्याएवढा कडक नसतो कारण माड बारा महिने फुलतो. पाऊस थोडा थांबला की माश्या माडावर आणि लाजाळूवर जातात, पायाला पराग घेऊन येताना दिसतात. त्यामुळे भुकेपेक्षा ओल आणि मुंग्या हे आमचे दोन वैरी.

लोक काय करतात, पेटीला चारी बाजूंनी प्लास्टिक गुंडाळतात, दोरीने आवळतात. बाहेरचं पाणी अडतं आणि आतलं आतच राहतं. माश्यांच्या श्वासाची वाफ झाकणाला लागून थेंब थेंब पोळ्यावर गळते, कडेच्या पोळ्यांना हिरवी बुरशी. प्लास्टिक फक्त वरून, दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेलं, आणि त्याच्याखाली पेंढा किंवा झावळ्या. बाजू मोकळ्याच ठेवायच्या. माझ्या पेट्यांवर मंगलोरी कौलं आहेत, वाऱ्याने उडत नाहीत. गोणपाट अजिबात नको, भिजलं की आठवडाभर सुकत नाही.

मुंग्यांसाठी घोडीच्या (पेटी ठेवायच्या स्टँडच्या) पायांखाली पाण्याच्या वाट्या सगळेच ठेवतात. मात्र पावसाळ्यात गवत भराभर वाढतं, एक पातं पेटीला टेकलं की झाला मुंग्यांचा पूल. दर पंधरा दिवसांनी कोयता घेऊन पेटीभोवती फिरायचं. वरून आंब्याची फांदीही पेटीला टेकता कामा नये, आंब्यावरचे लाल मुंगळे वाटीतलं पाणी कशाला बघतील, ते वरून उतरतात. वाटीत जळकं ऑइल टाकणारेही आहेत. मी टाकत नाही, पावसाने वाटी भरून वाहते आणि ते ऑइल जमिनीत, विहिरीत जातं.

शंकासुर

छान माहिती. मी नवीन आहे, मुळशीकडे दोन पेट्या घेतल्यात. तीन शंका.

१) एका इंग्रजी व्हिडिओत सांगितलं की हंगाम संपला की वरोआ किडीसाठी फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक ॲसिड द्यायलाच हवं, नाहीतर वसाहत मरते. मी फॉर्मिक मागवायच्या बेतात आहे.
२) माश्या पळून जाऊ नयेत म्हणून राणीचे पंख कापावेत का?
३) पाक गुळाचा चालेल का? घरचा सेंद्रिय गूळ आहे.

टोरांटोकर

पहिल्या शंकेचं मी सांगतो, कारण तो व्हिडिओ बहुधा आमच्याच हवामानातला असणार. मूळचा साताऱ्याचा, इथे ऑन्टारिओत हौस म्हणून मेलिफेराच्या काही पेट्या ठेवतो.

आमच्याकडे सगळं वर्ष वरोआभोवती फिरतं. ऑगस्टात मध काढला की लगेच किडी मोजायच्या. अर्ध्या वाटीएवढ्या, म्हणजे साधारण तीनशे, माश्या अल्कोहोलमध्ये हलवून गळलेल्या किडी मोजतात. शंभर माश्यांमागे तीनच्या घरात गेल्या तर औषध देणं भाग. कारण ऑगस्ट-सप्टेंबरात ज्या माश्या जन्मतात त्याच हिवाळा काढतात. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, हिवाळ्यातली पाच-सहा महिने. तिच्या अंगात चरबी आणि प्रथिनांचा साठा असतो. वरोआ नेमका तोच खातो. तो साठा गेला की माशी जानेवारीतच संपते, मार्च उजाडेपर्यंत पेटी रिकामी.

पण मुळात हा वरोआ तुमच्याच माशीचा, म्हणजे आशियाई सेरानाचा. हजारो वर्षं दोघं एकत्र राहतायत. सेरानात तो मुख्यत्वे नरांच्या पिलाव्यात वाढतो, कामकऱ्यांच्या पिलाव्यात त्याचं फारसं चालत नाही, शिवाय माश्या एकमेकींच्या अंगावरून किडी वेचून काढतात. तो मेलिफेरावर गेला तेव्हा गडबड झाली, तिला सवय नव्हती. त्यामुळे सातेरीच्या पेटीत ॲसिड घालू नका. आधीच भुकेल्या वसाहतीला ते सोसणार नाही, ती निघूनच जाईल.

बाकी आमची तयारी थोडक्यात: सप्टेंबरभर दोनास एक, म्हणजे दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक. एका पेटीत तीसेक किलो साठा झाला पाहिजे. दाराला उंदीर अडवणारी जाळी. नोव्हेंबरात पेटीला बाहेरून उबदार वेष्टन, पण वर हवा जायला एक भोक ठेवायचंच. तळकोकण भाऊंनी वाफेचं लिहिलंय ते इथेही तंतोतंत खरं. उणे वीसमध्ये माश्या थंडीने मरत नाहीत, घोळका करून ऊब धरतात. अंगावर गार पाणी ठिबकलं की मरतात. एकदा वेष्टन घातलं की वसंतापर्यंत पेटी उघडत नाही, फक्त मागून जरा उचलून वजन बघतो.

निवृत्त_मधपाल

शंकासुर, दुसऱ्या आणि तिसऱ्या शंकेचं उत्तर मी देतो.

पंख कापू नका. सातेरी घर सोडते ती काही कारणाने सोडते. उपास, मेणकिडा, मुंग्या, सततची ढवळाढवळ, कधी धूर. कारण तसंच ठेवून राणी जायबंदी केली तर माश्या राणीला दारात टाकून निघून जातील, किंवा ती खाली गवतात पडेल आणि मुंग्या तिला नेतील. दाराला राणी अडवणारी जाळी लावता येते, ती मीही वापरली आहे, पण आठ-दहा दिवसांपुरती. जाळीतून नरही बाहेर पडू शकत नाहीत, आत मरून दार तुंबतं.

त्यापेक्षा पळून जायच्या आधीची लक्षणं ओळखा. उघाड असूनही पराग आणणं बंद होतं. राणी अंडी घालायचं थांबवते, पिलावा फुटून बाहेर येतो, नवीन काही नसतं. साठवलेला मध झपाट्याने कमी होतो, निघण्यापूर्वी माश्या पोट भरून घेतात. अशा वेळी दुसऱ्या जोमदार पेटीतली उघड्या पिलाव्याची एक चौकट माश्या झटकून या पेटीत द्या आणि त्याच संध्याकाळपासून पाक चालू करा. पोसायला पिलं आली की माश्या सहसा थांबतात.

गूळ नको, काकवी नको. त्यातल्या क्षारांनी माश्यांना हगवण होते, पावसात त्यांना बाहेर जाऊन विष्ठा टाकता येत नाही, मग पेटीतच घाण. पांढरी साखर आणि उकळून कोमट केलेलं पाणी, सम वजनाने. दोनशे ग्रॅम साखर, दोनशे मिली पाणी, आठवड्याला एकदा, मध्यम वसाहतीला पुरतं. बाजारचा मध तर मुळीच भरवू नका, कुठल्या रोगट पेटीतला असेल सांगता येत नाही.

द्यायची वेळ संध्याकाळची, दिवेलागणीच्या सुमारास. भांडं पेटीच्या आत ठेवा, वर गवताच्या काड्या टाका म्हणजे माश्या बुडणार नाहीत. सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी द्या, कमजोर पेटीचं दार दोन माश्या जातील एवढंच ठेवा. एक थेंब बाहेर सांडला तरी पुसा. उपासाच्या दिवसांत गोडाचा वास सुटला की शेजारची पेटी लुटायला येते आणि एकदा लूट सुरू झाली की थांबवता येत नाही.

अजून एक, जे इथे कुणी लिहिलं नाही. आवराआवर करताना पिलावा नीट बघा. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. रोग अजून अधूनमधून डोकं काढतो. टोपणाला भोक पडलेलं किंवा टोपण काढलेलं, आत अळी पाठीवर ताठ पडलेली, डोकं वर उचललेलं. चिमट्याने हलकेच उचलली की कातडीच्या आत पाणी साचलेलं दिसतं. त्यावर औषध नाही. असं दिसलं तर त्या पेटीची चौकट दुसऱ्या पेटीत देऊ नका, मिळवणी करू नका, तिचं साहित्य वेगळं ठेवा. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून पिलावा खंडित करणं आणि रोगट पोळी काढणं एवढंच आपल्या हातात असतं. ज्या वसाहती यातून वाचतात त्यांच्या राण्या पुढे जपा.

वाईची_सून

काका, सुंदर लिहिलंत. आज पेटी उघडली तर पिलाव्यात एका सरळ रेषेत टोपणं उघडी दिसली, आत पांढरी डोकी. सॅकब्रूड असेल का? जीव खालीवर झालाय.

निवृत्त_मधपाल

सरळ रेषेत म्हणता ना? मग घाबरू नका, तो मेणकिडा. टोपणांखालून अळी बोगदा करत जाते, माश्या वरची टोपणं काढून टाकतात, म्हणून ओळ दिसते. आतलं कोशातलं पोर जिवंत, पांढरंशुभ्र आणि नीट आकाराचं असेल तर रोग नाही. चौकट आडवी धरून लाकडी पट्टीला हळू ठोका, अळ्या बाहेर येतील, चिमट्याने काढा. राणी त्या चौकटीवर नाही ना ते मात्र आधी बघा.

वाईची_सून

ठोकल्यावर खरंच तीन अळ्या बाहेर आल्या! कोंबड्यांना घातल्या. आता रविवारी मिळवणी.

मराठवाडी_मेलिफेरा

राम राम मंडळी. आमचं गणित एकदम उलटं. जालन्याकडे पावसाळा म्हणजे माशीची दिवाळीच म्हणा, मका-बाजरीचा पराग, मग तीळ, सूर्यफूल, पुढे तूर. आमचा उपास आत्ता, एप्रिल ते जून. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत मेण मऊ पडून पोळं चौकटीतून खाली येतं. आम्ही पेट्या लिंबाच्या सावलीत, पाणी जवळ, झाकणावर ओलं पोतं. नोव्हेंबरात पेट्या राजस्थानात मोहरीवर जातात. त्यामुळे तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला, पण त्या डमी फळीचं आवडलं. करून बघतो.

एक विचारायचं होतं. काढलेली रिकामी पोळी तुम्ही पावसाळाभर ठेवता कशी? आमच्याकडे सुकं असतं तरी कीड लागते.

जांभूळपट्टा

हा प्रश्न आला ते बरं झालं. बांधलेलं पोळं फेकू नका, माशीला मेण बनवायला भरपूर मध खर्ची घालावा लागतो, ते पोळं सप्टेंबरात सोन्याच्या भावाचं. पिलावा झालेली काळी पोळी वितळवायची. फिकी, मधकोठीतली पोळी ठेवायची. रिकाम्या मधकोठीत दोन चौकटींत बोटभर अंतर ठेवून लावतो, कोठ्या एकावर एक रचतो, खाली आणि वर घट्ट फळी, फटींना कागदाची चिकटपट्टी. आत गंधकाची धुरी देतो. धुरीने अळ्या आणि पाखरं मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. हे काम घराबाहेर, वाऱ्याची दिशा बघून करा, गंधकाचा धूर छातीत गेला तर वाईट. डांबराच्या गोळ्या ठेवणारे पाहिलेत, कृपा करून ठेवू नका. तो वास मेणात मुरतो आणि पुढे मधाला येतो.

थोडीच पोळी असतील आणि घरचे चालवून घेत असतील तर प्लास्टिक पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये दोन दिवस. त्यात अंडीसुद्धा मरतात. नंतर पिशवी न उघडता कोरड्या जागी ठेवायची.

हिशेबी_माणूस

घरचे चालवून घेत असतील तर, हे वाक्य फार महत्त्वाचं. आमच्याकडे पोळ्याशेजारी कोळंबी होती, त्यावरून रामायण झालं.

शंकासुर

सगळ्यांचे आभार. फॉर्मिक मागवणं रद्द, गूळ आम्हीच खाऊ. हे सगळं प्रत्यक्ष हाताने शिकायचं असेल तर कुठे जावं? व्हिडिओ बघून माझं काय होतं ते दिसलंच. आणि पराग कमी पडला तर काही देता येतं का?

निवृत्त_मधपाल

पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची. महाबळेश्वराला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, सातेरीसाठी तेच जवळचं. वाटेत वाकडी वाट करून मांघरला जाऊन या, २०२२ साली राज्याने त्याला 'मधाचे गाव' म्हणून जाहीर केलं. पण कुठेही जा, मेअखेरची तपासणी एखाद्या जुन्या मधपाळासोबत उभं राहून बघा. चौकट कशी उचलायची, किती वेळ बाहेर ठेवायची, हे हाताला कळावं लागतं.

परागाला पर्याय म्हणून तेल काढलेल्या सोयाबीनचं पीठ, साय काढलेल्या दुधाची पावडर, यीस्ट, असं साखरेच्या पाकात मळून छोटी चकती करतात आणि चौकटींच्या माथ्यावर ठेवतात. मेलिफेरा बरी खाते. सातेरी नखरे करते, बऱ्याचदा शिवतही नाही. दोन दिवसांत खाल्ली नाही तर काढून टाका, ओल्या हवेत बुरशी धरते आणि किडे येतात.

तळकोकण

गांधील माशीचं कोणी बोललं नाही. भाद्रपदात आमच्याकडे दारात येऊन उभ्याच राहतात, एकेक माशी उचलून नेतात.

जांभूळपट्टा

जोमदार सातेरी स्वतः निपटते. दारात आलेल्या गांधिलीला माश्या चहूबाजूंनी घेरून गोळा करतात आणि आतलं तापमान ४६ अंशांच्या आसपास नेतात. गांधील त्यात मरते, माश्या तगतात. पण त्याला माणूसबळ लागतं, पाच चौकटींची वसाहत करते, दोन चौकटींची बघत बसते. म्हणून कमजोर पेट्या आत्ताच मिळवा. वर दार अरुंद केलेलं असलं की राखण सोपी जाते. आसपास गांधिलीचं पोळं असेल तर ते लहान असतानाच, म्हणजे उन्हाळ्यात, शोधून काढायचं. भाद्रपदात त्याच्या वाटेला जाऊ नये.

शंकासुर

शेवटची शंका, मग गप्प बसतो. पावसाळ्यात पेटी उघडायचीच नाही का? आणि मधकोठी परत कधी चढवायची?

जांभूळपट्टा

बाहेरून रोज बघा, आतून गरज असेल तेव्हाच. उघाड पडली की दारासमोर दोन मिनिटं उभे राहा. पायाला पराग लावून माश्या आत जातायत, म्हणजे आत पिलावा आहे, राणी ठीक आहे. दारासमोर मेणाचा भुगा आणि काळ्या लेंड्या पडल्यात म्हणजे मेणकिडा, त्या दिवशी उघडा. पेटी मागून जरा उचलून वजनाचा अंदाज घ्या. मे महिन्यात आवराआवर झाल्यावर एकदा उचलून ठेवा, म्हणजे पुढे किती हलकी झाली ते हाताला कळतं. तळपाट मात्र आठ-पंधरा दिवसांनी सरकवून साफ करा, त्यासाठी चौकटींना हात लावावा लागत नाही.

पूर्ण तपासणी गणपतीनंतर, कोरडा दिवस बघून, दुपारी. तेरडा फुललेला असतो, पराग यायला लागतो, राणी पुन्हा जोरात अंडी घालते. तिथून चौकटी एकेक करून वाढवा, आधी त्या ठेवलेल्या फिक्या पोळ्यांच्या. मधकोठीची घाई नको. पिलावा कोठीतल्या सगळ्या चौकटी माश्यांनी झाकल्या आणि सोनकी रंगात आली की मगच चढवा. तुमच्या डोंगरावर त्या वर्षी कारवी (ती काही वर्षांतून एकदाच फुलते) फुलणार असेल तर थोडं आधी, कारण तिचा फुलोरा लवकर सुरू होतो. ती कुठल्या साली ते गावातल्या गुराख्याला विचारा, दर डोंगराचं साल वेगळं असतं.